साडेवीसच उचललं होतं

३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तू फोन घेत नाहीस, म्हणून लिहिते आहे. आधी झालं ते क्रमाने मांडते.

१. गेल्याच्या गेल्या वर्षी सप्टेंबरात डोळ्यांच्या रुग्णालयातल्या सहाही संगणकांवर मी लिनक्स ही नवी संगणकप्रणाली बसवली. मी तिथे संगणक सांभाळायला नुकतीच लागले होते. तू तिथे अठरा वर्षं अहवाल लिहीत होतीस.

२. लिनक्सवर उचललेला मजकूर दोन वेगळ्या जागी राहतो. कंट्रोल-सी दाबून उचललेला एका जागी. तो कंट्रोल-व्हीने उतरतो. माउसने मजकुरावरून नुसती रेघ ओढली, मजकूर निळा झाला, की तो दुसऱ्या जागी जातो. तो माउसचं मधलं चाक दाबलं की उतरतो. पहिल्या जागेला दुसरीची खबर नसते.

३. त्यामुळे कधी एक उतरायचं, कधी दुसरंच. सप्टेंबर ते नोव्हेंबर तू माझ्याकडे सात वेळा तक्रार केलीस. सातही माझ्या वहीत तारखेसह आहेत.

४. २५ नोव्हेंबरला सहाही संगणकांवर या दोन जागा एक झाल्या. त्या दिवसापासून जे सगळ्यात शेवटी निळं झालं असेल तेच, काहीही दाबलं तरी, उतरू लागलं.

५. ४ डिसेंबरला सकाळी अकराच्या सुमाराला घड्याळजींचा कागद तुझ्याकडे आला. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू. आत बसवायच्या भिंगाचा नंबर साडेवीस. तू तो मोजणीच्या कागदावरून कंट्रोल-सीने उचललास.

६. त्यांच्या डाव्या डोळ्यात दोन वर्षांपूर्वी साडेसतराचं भिंग बसवलेलं होतं. दोन डोळ्यांत दोनाहून जास्त फरक दिसला की मोजणी खोलीत फोन करून खात्री करायची, हा तुझा नियम. तू फोन केलास.

७. फोनवर बोलताना तू जुना अहवाल उघडलास आणि साडेसतराच्या ओळीवरून माउस ओढत तो आकडा वाचून दाखवलास. ओळ निळी झाली. पलीकडून उत्तर आलं, "साडेवीस बरोबर आहे, दोनदा मोजलंय." तू फोन ठेवलास.

८. तू शस्त्रक्रियेच्या कागदावर कंट्रोल-व्ही दाबलंस. उतरलं साडेसतरा.

९. डाव्या डोळ्याला हाच नंबर असल्यामुळे मोठ्या डॉक्टरांना शंका आली नाही. घड्याळजींना दुसऱ्यांदा टेबलावर झोपावं लागलं. तीन महिने दुकान बंद.

१०. १६ डिसेंबरला चौकशीची बैठक झाली. निष्कर्ष: लेखनिकेचा निष्काळजीपणा. १७ तारखेला तू राजीनामा दिलास.

आकडा बदलला तो तू खात्री करत असताना. तू फोन केला नसतास, जुना अहवाल उघडला नसतास, तर साडेवीसच उतरलं असतं.

तू साडेवीसच उचललं होतंस, मावशी. बैठकीत तू ते तीनदा म्हणालीस. तिन्ही वेळा ते खरं होतं.

हे आत्ता का लिहिते आहे, ते सांगायला हवं. रविवारी आईचा फोन होता. ती म्हणाली, ताईच्या बाळाला दिवसातून दोनदा औषधाचे थेंब द्यायचे असतात आणि तू ड्रॉपरला हात लावत नाहीस. ताई कामावर गेली की शेजारच्या बाईंना बोलावतेस. ताई चिडून म्हणाली, "आई, पाच थेंब मोजायचेत, पाचशे नाहीत," तर तू म्हणालीस, "माझ्या हातचं एक आणि पडतं दुसरं. मला नको सांगूस." ताई तुला स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, त्यांनी सगळं ठणठणीत आहे असं लिहून दिलं, आणि तू तो कागद घडी करून ठेवून दिलास, हेही आईने सांगितलं.

तो कागद खरा आहे. तुझ्या डोक्यात काही बिघडलेलं नाही.

तुझी भाची


१४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

माझंच पत्र परत आलं. पाकीट उघडेपर्यंत वाटलं की न वाचता परत केलंयस.

चौथ्या कलमाच्या समासात पेन्सिलीची उभी रेघ, आणि बाजूला तुझ्या अक्षरात: "एक झाल्या? आपोआप?"

बाकी दोन पानांवर एकही खूण नाही. म्हणजे बाकी सगळं तू तपासलंस आणि तुला मान्य आहे. पत्र टाकताना मला ठाऊक होतं की त्या कलमात भोक आहे. तुझं बोट नेमकं तिथे पडलं.

आपोआप नाही. मी केल्या.

तुझी पहिली तक्रार मी हसण्यावारी नेली होती. तू माझ्या टेबलाशी येऊन म्हणालीस, "इंजिनीअरीणबाई, हे तुमचं यंत्र आहे की तुझे काका? सांगते एक, आणतं दुसरंच."

मी म्हणाले, "मावशी, तू चाक दाबतेस. चाक दाबू नकोस."

"मग चाक दिलंय कशाला?"

"पान वरखाली करायला."

"पान वरखाली करताना दाबलं जातं ना ते. माझं बोट आहे, काही सुई नाही."

चौथ्या वेळी तू हसत नव्हतीस. एका रुग्णाच्या पत्त्याच्या जागी दुसऱ्याचं निदान उतरलं होतं. तुला ते वेळेवर दिसलं म्हणून निभावलं. सातव्या वेळी तू दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणालीस, "हे बघ, मला त्यातलं काही कळत नाही. पण उचलायची जागा एकच असू दे. माणसाला दोन खिसे असले की एकात किल्ली आणि दुसऱ्यात शोध."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते सोपं वाटलं. त्या दुपारी मी चौदा ओळी लिहिल्या. त्यांचं काम एवढंच: एका जागी काही नवं आलं की लगेच ते दुसऱ्या जागीही ठेवायचं. दोन खिशांचा एक खिसा. माझ्या संगणकावर वीस मिनिटं करून पाहिलं आणि सहाही संगणकांवर टाकलं.

कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. म्हटलं, बघू या हिला कळतं का.

दुसऱ्या दिवशी तू येताना माझ्या टेबलावर टिचकी मारून म्हणालीस, "आज शहाण्यासारखं वागतंय हं." मी म्हणाले, "समज दिली त्याला." पुढचे नऊ दिवस तक्रार आली नाही. नऊ दिवस मी स्वतःवर खूश होते.

माझ्या वीस मिनिटांच्या चाचणीत एक गोष्ट नव्हती. मी ओळ निळी करते ती उचलायची असेल तरच. तू वाचतानाही करतेस. कंट्रोल-सीने काहीतरी हातात धरून दुसरीकडे नुसतं वाचत बसणारं माणूस माझ्या डोळ्यांसमोर आलंच नाही. यायला हवं होतं. मी चार वर्षांची असताना, आई दिवसपाळीला गेली की तू मला मांडीवर घेऊन वाचायला शिकवायचीस. "बोट ठेव. बोट उचललंस की ओळ पळून जाते." कागदावर बोट, पडद्यावर माउस. तू अठरा वर्षं प्रत्येक आकड्याखालून तशीच रेघ ओढत आलीस. त्या खोलीत ते मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

तुझी भाची


२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

दुसरं पत्रही परत आलं. या वेळी खूण शेवटच्या ओळीच्या खाली, पानाच्या तळाशी. दोनच शब्द: "कधी कळलं?"

हा प्रश्न तू विचारू नयेस म्हणून मी मागचं पत्र तुझ्या मांडीवर नेऊन संपवलं होतं. ते तुला दिसलं असणार.

१५ डिसेंबरला कळलं. बैठकीच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीनला.

तू जेवायला गेली होतीस. व्यवस्थापकांनी मला सांगितलं होतं की उद्या विचारतील, तेव्हा बाईंचा संगणक एकदा बघून ठेव. मी तुझ्या खुर्चीत बसले. घड्याळजींचे तिन्ही कागद उघडले: मोजणीचा, जुना अहवाल आणि शस्त्रक्रियेचा. साडेवीस उचललं. मग तू वाचतेस तसं वाचायचं म्हणून जुन्या ओळीवरून माउस ओढला. डकवलं. साडेसतरा.

पुन्हा केलं. अकरा वेळा केलं. अकराही वेळा साडेसतरा.

तू जेवून आलीस. "काय गं, सापडलं का काही?"

मी म्हणाले, "बघतेय अजून."

"बघ बाई. मला झोप नाही. मी साडेवीसच उचललं होतं गं, शपथेवर सांगते." मग माझ्या डब्यात डोकावून म्हणालीस, "आणि तू जेवली नाहीस."

१६ तारखेला मी नेहमीपेक्षा तासभर आधी, पावणेआठला आले. सहाही संगणकांवरून त्या चौदा ओळी काढून टाकल्या. दोन खिसे पुन्हा दोन झाले. दहाला बैठक सुरू झाली तेव्हा तुझ्या संगणकावर कुणी कंट्रोल-व्ही कितीही वेळा दाबून पाहिलं असतं तरी साडेवीसच उतरलं असतं. आणि त्यांनी ते करून पाहिलं. तुला आठवत असेल, व्यवस्थापक सगळ्यांना तुझ्या टेबलाशी घेऊन गेले, स्वतः खुर्चीत बसले, स्वतः उचललं, स्वतः डकवलं. साडेवीस. "बघा," ते म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं, "यंत्र आपलं आपण आकडा बदलू शकतं का?"

मी म्हणाले, "नाही. यंत्र सांगितलेलं करतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी तो आदल्या संध्याकाळी तसा बसवला होता.

"मी साडेवीस उचललं होतं," तू म्हणालीस.

व्यवस्थापक म्हणाले, "बाई, उचललं साडेवीस आणि पडलं साडेसतरा. मधे काय जादू झाली?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी पेनाचं टोपण बघत होते. काळं टोपण, क्लिप तुटलेली.

मग तू कुणी न विचारता म्हणालीस, "डकवल्यावर मी पुन्हा पाहिलं नाही. फोनवर खात्री झाली होती, म्हणून पाहिलं नाही. ती चूक माझी." जे तुला लपवता आलं असतं ते तू स्वतःहून सांगितलंस. त्याच टेबलाशी, तुझ्यापासून दोन हातांवर मी बसले होते.

बाहेर जिन्यात तू मला थांबवलंस. "तुला एवढा घाम का सुटलाय? नोकरी माझी चाललीय, तुझी नाही. जा, तोंड धू." मी गेले आणि तोंड धुतलं.

कारण विचारशील. आठच दिवसांपूर्वी मला कायम केल्याचं पत्र मिळालं होतं. तू सगळ्या मजल्यावर सांगत फिरली होतीस, "आमच्या घरातली पहिली इंजिनीअर." मला वाटलं, ते तुझं वाक्य आता बदलेल. मग वाटलं, तुझी निवृत्ती तीनच वर्षांवर आहे, माझं सगळं आयुष्य पडलंय. हेही वाटलं, ते खोडत नाही. तू नोकरी सोडलीस याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही. पण तू त्या निष्कर्षावर विश्वास ठेवशील, हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी धरून चालले होते की तुला स्वतःला तरी पक्कं ठाऊक राहील. साडेवीसच उचललं होतं, हे तुझ्यापाशी राहील आणि तुला तेवढं पुरेल.

वर्षभर तू त्या आकड्यावर रोज नव्याने शंका घेत होतीस आणि खात्री देऊ शकणारं माणूस एकच होतं.

तुझी भाची


५ मार्च

मावशी,

तिसरं पत्र काल परत आलं. समासात काही नाही. शब्दही नाही. शेवटच्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक बरोबरची खूण आणि तारीख, अहवाल तपासून झाल्यावर तू करायचीस तशी.

त्या खुणेचा अर्थ मला माहीत आहे. कागद पुरा आहे, पुढे पाठवायला हरकत नाही. त्यात माफी शोधायला मी बसलेली नाही.

या तीन पत्रांवर तू मिळून दोन प्रश्न विचारलेस. दोन्ही नेमके माझ्या दोन लबाड्यांवर. चौकशीला बसलेल्या तिघांना जे सापडलं नाही, ते तुला पेन्सिलीने सापडलं. डॉक्टरांनी दिलेला कागद पुरत नसेल तर ही तिन्ही पत्रं त्याच्याबरोबर ठेव.

शनिवारी मी घड्याळजींच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालचं एक टेबल आणि काचेची पेटी. ते मनगटी घड्याळ उघडून बसले होते. मी कोण ते सांगितलं, काय केलं ते सांगितलं. त्यांनी चिमटा खाली ठेवला नाही.

एक चक्र जागेवर बसवून मग म्हणाले, "त्या अहवालवाल्या बाई आल्या होत्या इथे. मागेच. तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, माझ्यामुळे झालं. रडल्या नाहीत, पण उठवत नव्हतं त्यांना."

मी म्हणाले, "त्यांच्यामुळे नव्हतं झालं."

"ते तुम्ही आत्ता सांगताय."

"हो."

"त्यांना सांगितलंत?"

"पत्राने."

"पत्राने," ते म्हणाले. घड्याळात फुंकर मारली. "डोळा आता बरा आहे. पण बारीक कामाचं भिंग मी डाव्या डोळ्याला लावायला शिकलो. साठाव्या वर्षी. उजव्याचा भरवसा वाटत नाही अजून. डॉक्टर म्हणतात उत्तम दिसतंय. दिसतं हो. पण भरवसा वेगळी गोष्ट आहे."

तू त्यांच्याकडे गेली होतीस हे आईला माहीत नाही, ताईला माहीत नाही. माझ्या चुकीची माफी तू एकटीने, बस बदलत जाऊन मागितलीस. मी उठले तेव्हा ते म्हणाले, "बाईंना सांगा, मी रागावलो नव्हतो. त्यांनी ऐकून घेतलं नाही." तो निरोप इथे पोचवला.

संगणकांचं आता असं आहे. नुसती ओळ निळी केल्याने काहीही उचललं जात नाही. चाक दाबलं तरी काही उतरत नाही; ते पान वरखाली करतं, बस्स. कंट्रोल-सीने उचललेलं खिडकी बंद केली तरी पुढचं उचलेपर्यंत टिकतं. आणि भिंगाच्या नंबराच्या रकान्यात काही डकवताच येत नाही. आकडा हाताने लिहायचा, दोनदा. दोन्ही जुळले तरच कागद छापला जातो. हे मी मागच्या वर्षीच्या जानेवारीतच केलं होतं, तू गेल्यावर महिन्याभरात. सगळ्यांनी कौतुक केलं. मी ते करून घेतलं.

सोबत चार पानं आहेत. व्यवस्थापक आणि मोठे डॉक्टर यांच्या नावाने माझं निवेदन. त्या चौदा ओळी आहेत. त्या टाकल्याची आणि काढल्याची वेळ आहे. संगणकाने ती स्वतः नोंदवून ठेवली होती आणि मी ती कधी पुसली नाही, का ते मलाही सांगता येत नाही. अकरा चाचण्या आहेत. चौकशीचा निष्कर्ष रद्द करून तसं तुला लेखी कळवावं, ही मागणी आहे. एक प्रत घड्याळजींना द्यायची आहे. राजीनामा वेगळ्या कागदावर आहे, तो तुझ्या पाकिटात नाही.

हे निवेदन मी शुक्रवारी, १३ तारखेला देणार आहे. तुझं उत्तर आलं नाही तरी देणार आहे. थांबवायचं की नाही हा भार तुझ्यावर टाकत नाही.

मला हवं ते वेगळं आहे. ही चार पानं मी बारा वेळा वाचली आणि मला आता त्यात काही दिसत नाही. मागच्या दोन्ही वेळा मी जिथे भोक ठेवलं ते फक्त तुला दिसलं. या वेळी ठेवलेलं नाही असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्याला किंमत किती ते आपल्याला माहीत आहे. तिसऱ्या पानावर घड्याळजींच्या दोन्ही डोळ्यांचे नंबर आहेत. तेही बघ. मोजणीच्या मूळ कागदाची प्रत मागे टाचली आहे.

बोट ठेवून वाच. जिथे चुकलं असेल तिथे खूण कर. आणि बाळाच्या थेंबांचं ताईला तूच सांग, मी मधे पडत नाही.

पानं तपासून गुरुवार, १२ मार्चपर्यंत मला परत पाठव.

तुझी भाची